‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ आणि जेम्स फेनिमोर कूपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती शाळेच्या ग्रंथालयातल्या एका फाटक्या, संक्षिप्त प्रतीतून. पुढे पूर्ण पुस्तक वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि आता ओळखीच्या लोकांना आग्रहाने वाचायला देते. वाचून परत करताना जो तो काही ना काही विचारतोच. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. काही उत्तरांत कथेचा शेवट फुटतो. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं.

कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे?

साल १७५७. न्यूयॉर्क वसाहतीच्या उत्तरेला घनदाट जंगल आहे आणि त्या जंगलात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. कोरा आणि अ‍ॅलिस या दोघी बहिणी एडवर्ड किल्ल्यावरून निघून विल्यम हेन्री किल्ल्यावर वडिलांकडे, कर्नल मन्रोकडे चालल्या आहेत. बरोबर मेजर हेवर्ड आहे आणि डेव्हिड गॅमट नावाचा एक भाबडा स्तोत्रगायक. वाट दाखवणारा मॅग्वा दगा देतो. तिथे त्यांना हॉकआय हा गोरा शिकारी भेटतो, त्याचा जिवलग मोहिकन मित्र चिंगाचगूक आणि चिंगाचगूकचा मुलगा अंकस भेटतात. त्यापुढे पाठलाग, सुटका, वेढा, हत्याकांड आणि पुन्हा पाठलाग. एकूण ३३ प्रकरणं आहेत आणि किल्ला अगदी मध्यावर पडतो. पहिल्या अर्ध्या भागात सगळे किल्ल्याकडे धावत असतात, दुसऱ्या भागात पळवून नेलेल्या मुलींच्या मागे उत्तरेकडे.

हे युद्ध कोणतं? आपल्या इतिहासाशी त्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो लक्षात आला की पुस्तक एकदम जवळचं वाटायला लागतं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं सप्तवार्षिक युद्ध अनेक खंडांवर लढलं गेलं. जून १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विल्यम हेन्री किल्ला पडला. त्याच उन्हाळ्यात रघुनाथरावांच्या फौजा दिल्लीच्या वेशीवर होत्या. हुगळीकाठी आणि हडसनकाठी एकाच दोन सत्तांचं भांडण चाललं होतं आणि दोन्हीकडे ज्यांची ती भूमी होती त्यांना कुणाची तरी बाजू घ्यावी लागत होती. कूपरने हे कादंबरीत उघडपणे म्हटलं आहे की हे युद्ध अशा देशासाठी लढलं जात होतं जो शेवटी दोघांपैकी कुणाच्याच हाती राहणार नव्हता.

किल्ल्यावरचं हत्याकांड खरंच घडलं होतं का?

घडलं होतं, पण कूपरने रंगवलं तेवढं मोठं नव्हतं.

जॉर्ज सरोवराच्या दक्षिण टोकाला हा किल्ला होता. फ्रेंच सेनापती माँकाम याने ३ ऑगस्टला वेढा घातला. त्याच्या बरोबर फ्रेंच सैन्य होतं आणि तीसहून अधिक जमातींचे योद्धे, त्यातले काही शेकडो कोस पश्चिमेकडून आलेले. किल्ल्यात कर्नल जॉर्ज मन्रो होता. जवळच्या एडवर्ड किल्ल्यावर जनरल वेब बसला होता, त्याने कुमक पाठवायला नकार दिला. ते पत्र माणसासकट फ्रेंचांच्या हाती लागलं आणि माँकामने ते मन्रोकडे पोचतं केलं. ९ ऑगस्टला किल्ला शरण आला.

शरणागतीच्या अटी युरोपीय रिवाजाप्रमाणे उदार होत्या : सैनिकांनी निशाणं फडकवत, सामानसुमान घेऊन निघून जावं. ज्या योद्ध्यांना लुटीच्या आणि कैद्यांच्या आशेवर बोलावलं होतं त्यांना मात्र या तहात काहीच मिळत नव्हतं. सही करण्याआधी माँकामने त्यांच्या प्रमुखांना अटी सांगून होकार घेतला होता, पण तो टिकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजांची रांग बाहेर पडली आणि हल्ला झाला. जुन्या वर्णनांत मेलेल्यांचा आकडा दीड हजारापर्यंत नेलेला आढळतो. इयन स्टील या इतिहासकाराने हजेरीपट आणि परत आलेल्या कैद्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तो आकडा ६९ ते १८४ च्या दरम्यान बसला. शेकडो लोक कैदी म्हणून नेले गेले, त्यातले पुष्कळसे पुढे परतही आले.

यातला एक तपशील कादंबरीत नाही आणि मला तो विसरता येत नाही. किल्ल्यात देवीची साथ होती. काही योद्ध्यांनी तिथल्या थडग्यांतली प्रेतं उकरली, कपडे आणि केस घेतले, आणि त्यांच्याबरोबर देवी सरोवरांच्या प्रदेशातल्या त्यांच्या गावागावांत पोचली. त्या हिवाळ्यात किती घरं बसली याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

खरा मन्रो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑल्बनीला वारला. कोरा आणि अ‍ॅलिस या मुली कूपरच्या कल्पनेतल्या आहेत.

कूपर कोण होता?

जन्म १५ सप्टेंबर १७८९, बर्लिंग्टन, न्यू जर्सी. मृत्यू १४ सप्टेंबर १८५१, बासष्टावा वाढदिवस एका दिवसावर असताना. वडील विल्यम कूपर जमिनीचे मोठे व्यवहार करणारे, न्यायाधीश आणि अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. ओट्सेगो सरोवराकाठी त्यांनी गाव वसवलं, त्याचं नाव कूपर्सटाउन. जेम्स तान्हा असतानाच कुटुंब तिथे राहायला गेलं. म्हणजे ज्या जंगलाबद्दल त्याने जन्मभर हळहळून लिहिलं, ते तोडून वसवलेल्या गावात तो वाढला, आणि तोडणारे त्याचे वडील होते. त्याची पुस्तकं समजून घ्यायची तर ही एक गोष्ट धरून ठेवावी.

तेराव्या वर्षी तो येल कॉलेजात गेला आणि खोड्यांपायी तिथून काढला गेला. मग व्यापारी जहाजावर खलाशी, नंतर नौदलात उमेदवार अधिकारी. १८११ मध्ये सुझन डी लान्सीशी लग्न झालं आणि नौदल सुटलं. ‘फेनिमोर’ हे आईचं माहेरचं आडनाव. ते त्याने १८२६ मध्ये, ही कादंबरी आली त्याच वर्षी, रीतसर आपल्या नावात घेतलं.

तो लेखक कसा झाला?

घरात सांगितली जायची ती आठवण अशी : बायकोला एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवताना तो वैतागला, पुस्तक बाजूला टाकलं आणि म्हणाला, यापेक्षा बरं मी लिहीन. पत्र लिहायचा कंटाळा करणारा हा माणूस कादंबरी काय लिहिणार, म्हणून बायकोने ते हसण्यावारी नेलं. १८२० मध्ये पहिली कादंबरी आली, ती बेताचीच होती. १८२१ मध्ये ‘द स्पाय’ आली आणि गाजली. १८२३ मध्ये ‘द पायोनियर्स’ आली, तिच्या साडेतीन हजार प्रती पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत संपल्या. वय तेहतीस.

वडिलांची इस्टेट तोवर कर्जात बुडाली होती, त्यामुळे लेखणीवर घर चालवणं भाग होतं. अमेरिकेत कादंबरी लिहून पोट भरणाऱ्या पहिल्या लेखकांत त्याची गणना होते.

ही कादंबरी सुचली कुठे?

१८२४ च्या उन्हाळ्यात काही तरुण इंग्रज सरदारपुत्रांबरोबर तो हडसनच्या वरच्या भागात फिरायला गेला होता. त्यांतला एडवर्ड स्टॅन्ली पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. ग्लेन्स फॉल्स इथे धबधब्याच्या मधोमध खडकात गुहा आहेत. तिथे उभं असताना गोष्ट निघाली की एखाद्या अद्भुत कथेला ही जागा काय शोभेल! कूपरने शब्द दिला आणि पाळला. फेब्रुवारी १८२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या केरी आणि ली या प्रकाशकांनी पुस्तक दोन खंडांत काढलं.

गुहेतली प्रकरणं पुस्तकातली सर्वांत उत्तम. रात्र आहे, चारी बाजूंनी पाणी कोसळतं आहे, गुहेच्या तोंडाला पांघरूण लावून आत चिपाडाच्या उजेडात सगळे जेवताहेत. गॅमट हलकेच स्तोत्र म्हणायला लागतो. दोघी बहिणी सूर मिळवतात. हॉकआयला आपलं लहानपण आठवतं आणि त्या रांगड्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. तेवढ्यात बाहेरून एक किंकाळी येते. माणसाची नाही, जनावराची नाही. जंगलातला प्रत्येक आवाज ओळखणारे हॉकआय आणि चिंगाचगूक एकमेकांकडे बघत राहतात, कारण त्यांनाही ती ओळखता येत नाही. पुन्हा येते. अखेर हेवर्ड ओळखतो : भेदरलेला घोडा असा ओरडतो, रणांगणावर त्याने ऐकलेलं असतं. खाली बांधलेल्या घोड्यांपाशी लांडगे आलेले असतात. जंगलातल्या माणसांना जे कळलं नाही ते शहरी शिपायाला कळतं, कारण या जंगलात घोडे नवे आहेत. असं लिहिणाऱ्या माणसाला मी बरंच काही माफ करते.

आज त्या जागेला कूपरचीच गुहा म्हणतात. धबधब्यावर धरण आहे, काठावर कागदाची गिरणी आहे आणि वरून पूल जातो.

मोहिकन लोक खरंच संपले का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर नीट द्यायला हवं.

मोहिकन लोक हडसनच्या खोऱ्यातले. स्वतःला ते ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ होतो, कधीही स्थिर न राहणाऱ्या पाण्याकाठचे लोक. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हडसन नदीत समुद्राची भरती ऑल्बनीच्याही वर, ट्रॉयपर्यंत चढते. पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं, आपल्या खाडीसारखं. तिसऱ्या प्रकरणात हॉकआय आणि चिंगाचगूक ओढ्याकाठी बसून नेमके याच भरती-ओहोटीबद्दल बोलत असतात आणि त्या बोलण्याच्या शेवटी चिंगाचगूक सांगतो की आपला मुलगा हा शेवटचा मोहिकन.

आता खऱ्या माणसांचं काय झालं ते बघा. १७३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज इथे मिशनरी वसाहत झाली, पुष्कळसे मोहिकन तिथे जमले. स्वातंत्र्ययुद्धात ते अमेरिकेच्या बाजूने लढले, माणसं गमावली, आणि परत आले तेव्हा गावातली त्यांची जमीन गोऱ्या शेजाऱ्यांच्या नावावर झालेली होती. मग ते न्यूयॉर्कमध्ये ओनायडा लोकांच्या शेजारी गेले. तिथूनही निघावं लागलं, १८२० च्या दशकापासून विस्कॉन्सिनकडे. आज स्टॉकब्रिज-मन्सी समाज म्हणून ते विस्कॉन्सिनातल्या शवानो काउंटीत आहेत. त्यांचं स्वतःचं शासन आहे, ग्रंथालय आहे, संग्रहालय आहे.

हेंड्रिक ऑपॉमट हे नाव लक्षात ठेवा. हा मोहिकन नेता १७५७ मध्ये, म्हणजे कादंबरी घडते त्याच वर्षी, स्टॉकब्रिजला जन्मला. वॉशिंग्टनच्या सैन्यात लढला, कप्तान झाला, पश्चिमेकडच्या जमातींकडे वकील म्हणून गेला, आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला आणि १८३० मध्ये वारला. १८२६ मध्ये ‘शेवटचा मोहिकन’ छापून आला तेव्हा हा लिहिता-वाचता मोहिकन जिवंत होता.

कादंबरी आल्यावर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. जे संपणारच आहेत असं सगळ्यांना वाटतं, त्यांना हाकलताना मन फारसं खात नाही. कूपरने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. तो मनापासून रडला आहे, ते पानोपानी दिसतं. पण ज्यांच्यासाठी रडला ते जिवंत होते, आणि वाचताना हे विसरू नये एवढंच माझं मागणं आहे.

मोहिकन, मोहेगन, मोहॉक : एकच का?

तिन्ही वेगळे. मोहेगन कनेटिकटचे. अंकस हा त्यांचा सतराव्या शतकातला खराखुरा प्रमुख. कूपरने मोहेगनांचं हे नाव उचलून मोहिकनाला दिलं आणि दोन्ही जमातींची सरमिसळ केली. मोहेगन जमातही आज आहे, १९९४ मध्ये तिला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. मोहॉक हे इरोक्वाय नावाच्या जमातींच्या संघातले, त्यांची भाषा मोहिकनांच्या भाषेहून अगदी निराळ्या कुळातली.

कूपरला या लोकांची माहिती मिळाली कुठून?

बहुतांश पुस्तकांतून. जॉन हेकवेल्डर हा मोराव्हियन पंथाचा मिशनरी डेलावेअर या मूलनिवासी लोकांमध्ये कित्येक वर्षं राहिला होता. त्याचं पुस्तक १८१९ मध्ये आलं आणि कूपरने त्यावर फार भिस्त ठेवली. डेलावेअर सज्जन आणि इरोक्वाय कपटी ही जी विभागणी कादंबरीत आहे ती तिथूनच आली. स्वतः कूपरचा मूलनिवासींशी सहवास थोडाच होता.

मॅग्वा हा निव्वळ खलनायक आहे का?

अकराव्या प्रकरणात तो कोराला आपली हकीकत सांगतो ती पुन्हा वाचा. तो ह्युरॉन जमातीचा सरदार होता. गोऱ्यांनी दारू आणली, तो प्यायला, आपल्याच लोकांनी हाकलून दिलं. फिरत फिरत इंग्रजांकडे आला. मन्रोने हुकूम काढला की कुणा इंडियनाने पिऊन छावणीत यायचं नाही. मॅग्वा पिऊन आला, तेव्हा सगळ्यांदेखत त्याला बांधून फटके मारले. तो विचारतो, दारू दिली कुणी? पाठीवरच्या त्या वळांची त्याला लाज वाटते, लढाईतल्या व्रणांची वाटत नाही. पुढे तो जे करतो ते भयंकर आहे, पण त्याच्या या प्रश्नाला पुस्तकात कुणापाशी उत्तर नाही. माझ्या मते कूपरने उभं केलेलं सर्वांत जिवंत पात्र हेच.

कोरा का मरते?

कोराची आई वेस्ट इंडीजमधली आणि तिच्या पूर्वजांत गुलाम होते, हे मन्रो हेवर्डला सांगतो. अंकसचं तिच्यावर प्रेम आहे, मॅग्वालाही ती हवी आहे. १८२६ च्या अमेरिकेत अशा मुलीचं आणि मोहिकन तरुणाचं लग्न लावायची हिंमत कूपरकडे नव्हती. त्याने दोघांनाही कड्यावर मारलं आणि एकाच दिवशी पुरलं. दफनाच्या वेळी डेलावेअर मुली गातात की ही दोघं पुढच्या लोकी एकत्र असतील. हॉकआयला त्यांची भाषा कळते, तो मान हलवतो आणि गोऱ्यांना ते भाषांतर करून सांगत नाही. कोरा ही पुस्तकातली सर्वांत धीराची, सर्वांत शहाणी व्यक्ती आहे आणि लेखकाने तिच्यावर अन्याय केला, असं मला पहिल्या वाचनापासून वाटत आलं आहे.

मार्क ट्वेनने कूपरची एवढी खिल्ली का उडवली?

१८९५ च्या लेखात ट्वेन या अमेरिकी विनोदी लेखकाने त्याला पार सोलून काढलं. कूपरच्या जंगलात ऐन मोक्याला कुणाचा तरी पाय वाळक्या काटकीवर पडतोच. धुक्यात वाट चुकल्यावर तोफेच्या गोळ्याने जमिनीवर पाडलेल्या चरीवरून किल्ला शोधतात. या तक्रारी खऱ्या आहेत. मीही त्यांत भर घालीन : अस्वलाचं कातडं पांघरून हॉकआय शत्रूच्या गावात फिरतो आणि कुणाला शंका येत नाही, हे मला कुठल्याच वयात पटलं नाही. संवाद लांबतात, वाक्यं फार वळसे घेतात.

तरी बाल्झाकसारख्या फ्रेंच कादंबरीकाराला तो मोठा वाटला. मृत्यूच्या आठवडाभर आधी, नोव्हेंबर १८२८ मध्ये, अंथरुणाला खिळलेल्या शूबर्ट या संगीतकाराने मित्राला पत्र लिहून कूपरची आणखी पुस्तकं मागवली होती. त्यांना काय दिसलं असेल? दोन वंशांच्या दोन एकट्या पुरुषांची मैत्री, आणि जंगल. मलाही तेच दिसतं.

या मालिकेत आणखी पुस्तकं आहेत ना? कोणत्या क्रमाने वाचावीत?

एकूण पाच : ‘द पायोनियर्स’ (१८२३), ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६), ‘द प्रेअरी’ (१८२७), ‘द पाथफाइंडर’ (१८४०), ‘द डीअरस्लेयर’ (१८४१). पाचांतही नॅटी बंपो आहे, हॉकआय हे त्याचंच एक नाव. त्याच्या वयाप्रमाणे लावायची तर ‘डीअरस्लेयर’ पहिली येते आणि ‘प्रेअरी’ शेवटची. मी म्हणेन, लिहिली त्या क्रमानेच वाचा.

‘पायोनियर्स’ तर जरूर वाचा. तिच्यात प्रवासी कबुतरांचे थवे आभाळ झाकून येतात आणि गावकरी काठ्या, बंदुका, शेवटी एक छोटी तोफही घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात. म्हातारा नॅटी एकच कबूतर टिपतो, लागेल तेवढंच, आणि बाकीच्यांना बोल लावतो. १८२३ मध्ये ही हानी कुणाच्या गावीही नव्हती. त्या जातीचं शेवटचं कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं.

सिनेमा पाहिला की पुस्तक वाचायला नको का?

१९९२ चा मायकेल मानचा सिनेमा सुंदर आहे, पण कथा वेगळी आहे. त्यात हॉकआय आणि कोरा यांचं प्रेम जुळतं आणि ती जगते, कड्यावरून उडी घेते ती अ‍ॅलिस. पुस्तकातला हॉकआय प्रेमात पडत नाही. गॅमट सिनेमात नाहीच. वेस स्टुडीचा मॅग्वा मात्र पुस्तकातल्या मॅग्वाला न्याय देतो.

मराठीत यांना ‘रेड इंडियन’ म्हणावं का?

आपण लहानपणी तेच म्हणायचो, पण आता सोडून द्यावं. शक्य तिथे जमातीचं नाव घ्यावं, एरवी ‘अमेरिकेतले मूलनिवासी’ म्हणावं.

पहिल्या पन्नास पानांतच अडकायला होतं. काय करावं?

पुष्कळांचं होतं, त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. पहिल्या दोन प्रकरणांत कूपर फार सावकाश मांडणी करतो. सरळ तिसऱ्या प्रकरणापासून, ओढ्याकाठच्या त्या संभाषणापासून सुरुवात करा. तिथून गुहेपर्यंत, म्हणजे सहाव्या-सातव्या प्रकरणापर्यंत पोचलात की मग मागे जाऊन पहिली दोन वाचा. प्रकरणाच्या डोक्यावरच्या कवितांच्या ओळी सुरुवातीला सोडून दिल्या तरी चालतील. स्वामित्वहक्क कधीच संपले असल्याने मूळ इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. संक्षिप्त आवृत्ती मुलांना द्यायला हरकत नाही. हत्याकांडाच्या सतराव्या प्रकरणात एका तान्ह्या मुलाचा मृत्यू आहे, तो लहान मुलांना पूर्ण आवृत्तीतून वाचायला देऊ नका. संक्षिप्त प्रत निवडताना दुकानातच शेवटचं प्रकरण उघडून बघा : थडग्यावर हात हातात घेऊन उभे असलेले हॉकआय आणि चिंगाचगूक त्यात नसतील, तर ती प्रत घेऊ नका.